तोटी मी निवडली होती, भाऊजी

भाऊजी, आज नववा दिवस. मी सानगडीलाच आहे, तुमच्या ओसरीत, तुमच्या आरामखुर्चीशेजारच्या स्टुलावर. खुर्चीत बसायचं धाडस झालं नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, त्यात नवीन काय, हा स्टुलावर बसायच्या आधीही दोनदा विचार करतो.

तेरवीपर्यंत दुकानातून सुट्टी काढली आहे. ताईला सोबत हवी, असं सगळ्यांना सांगितलं. खरं कारण मागच्या खोलीत आहे. तुमची घरच्या बिअरची स्टीलची टाकी तिथे अजून उभी आहे, अर्ध्याला थोडी कमी, आणि तिला मी निवडलेली पितळी तोटी आहे. ताई रोज दिवेलागणीला तुमच्या जागेवरच्या दिव्यात तेल घालते, मग मागे जाते आणि तिचा तो छोटा पेला भरून आणते. "त्याइच्या हातचं एवढंच तं उरलं आता," म्हणते. भिंतीला टेकून हळूहळू पिते, डोळे पुसते. मी समोर बसून तिच्या घशाकडे बघत राहतो. एकेक घोट मोजतो.

मला वाटतं, भाऊजी, तुम्हाला त्या तोटीने मारलं. आणि आता ती ताईला मारते आहे. हे जगात फक्त मला माहीत आहे आणि नऊ दिवस मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक प्रयत्न केला. म्हणालो, टाकीतलं आंबून गेलं असेल, ओतून देतो. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तुम्हालाच पुन्हा खांद्यावर उचलायला आलो आहे. मी परत ओसरीत आलो. आणि नुसतं ओतून भागणार नाही हेही मला ठाऊक आहे. चार वर्षांत तिच्या अंगात जे गेलं असेल त्याचं काय? ते तपासायला हवं, आणि तपासायला न्यायचं तर का ते सांगायला हवं. सांगायचं म्हटलं की मी उठून परसात जातो. म्हणून आधी तुम्हाला लिहितो आहे. तुम्हाला सांगून बघतो. तुमच्याकडून आता ओरडा मिळायचा नाही, ह्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते आहे.

तुम्ही लढाईच्या काळात फौजेतल्या ऑफिसरांच्या मेसमध्ये वेटर होतात. ते तुम्ही असं सांगायचात की ऐकणाऱ्याला वाटावं, लढाई तुमच्या पेल्यांनीच जिंकली. परदेशातल्या त्या मेसमध्ये लाकडी पिंपातून काळी बिअर यायची. कोळशासारखी काळी, वर सायीसारखा जाड फेस. "गिलास भरला ना साळेबुवा, का आतमंदी काळ्या-पांढऱ्याचा झगडा चालते. मंग काळं खाली बसते, पांढरं वर येते. तवर हात लावाचा नाही. साहेब असो का साहेबाचा बाप असो, थांबा म्हणाचं." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत म्हणून दाखवलं असतं.

पेन्शन घेऊन गावी आलात, बांधीत धान लावलात, बोडीत मासे सोडलेत, सगळं केलंत. पण ते काळं पाणी डोक्यातून गेलं नाही. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा जव भिजवून त्यांना मोड आणलेत. ते वाळवून कढईत करपेपर्यंत भाजलेत. गूळ घातलात, कडूपणाला काडेचिराईत घातलंत, नागपूरच्या बेकरीतून खमीर आणवलंत. आणवलंत म्हणजे मला आणायला लावलंत. ते पुडकं पिशवीत घेऊन मी एसटीत बसलो तेव्हा लाखनीच्या स्टँडवर खाकी कपड्यातला माणूस चढला आणि माझी पाचावर धारण बसली. तो कंडक्टर होता. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. पुढे सहा महिने घरी आलेल्या प्रत्येक माणसाला ती गोष्ट ऐकवलीत.

पण परवाना नव्हताच ना आपल्याकडे. दारूबंदीवाले आले तर काय, हा माझा रोजचा प्रश्न आणि "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" हे तुमचं रोजचं उत्तर. इतकी वर्षं मी दारावर कान ठेवून बसलो, जीप वाजली की उठून उभा राहिलो. माझी सगळी भीती पुढच्या दाराशी पहारा देत होती. मागच्या खोलीकडे मी कधी वळून पाहिलं नाही.

माठातली बिअर चवीला बरी व्हायची, पण डावाने काढली की काळं पाणीच. फेस नाही. तुम्ही पेला उजेडात धरून बघायचात आणि परसात फेकून द्यायचात. "फेस नाही तं काळी नाही. हा काढा झाला, सर्दीचा." मग तुमच्या लक्षात आलं की चूक बिअरची नाही, तोटीची आहे. मेसमधल्या त्या तोटीच्या आत एक बारीक भोकांची चकती होती. बिअर जोराने त्या भोकांतून दाबून यायची आणि फेस व्हायचा. एक दिवस सिगारेटच्या पाकिटामागे त्या तोटीचं चित्र काढून तुम्ही भंडाऱ्याला आमच्या दुकानात हजर.

माझ्या आयुष्यात मला एकच गोष्ट कळते, भाऊजी, आणि ती म्हणजे नळ. पाईप-नळाच्या त्या दुकानात बावीस वर्षं मी मालाजवळ उभा आहे. तोटी तळहातावर घेतली की वजनावरून सांगतो आत भरीव आहे की पोकळ. एका टोकाला अंगठा लावून दुसरीकडून फुंकतो. ओतकामात वाळूचं भोक राहिलं असेल तर ओठाला हवा लागते. आटे नखाने मोजतो. मूठ शंभरदा फिरवतो, कारण चांगली तोटी शंभराव्या खेपेलाही पहिल्यासारखीच जड फिरते. तुम्ही हे सगळं बघत उभे होतात. म्हणालात, "का बे, तू भेत भेत जगते, पण नळ कसा धरते! जसा पयलवान."

उभ्या जन्मात तुम्ही माझी केलेली ती एकच तारीफ. मी हवेत होतो.

आणि मग भांडण. तुम्हाला नागपूरहून आलेली ती चकचकीत पांढऱ्या मुलाम्याची तोटी हवी होती, कारण मेसमधली तशीच चकाकायची. मी म्हटलं, ती वरून चांदी, आतून चिंधी. सहा महिन्यांत मुलामा सोलून निघेल. चकाकतं ते सगळं सोनं नसतं. तुम्ही म्हणालात, "मले सोनं नाही पायजे, फेस पायजे." दोन महिने आपण भांडलो. रविवारी समोरासमोर, मधल्या वारी पोस्टकार्डावर. मी कधी कुणाशी इतकं भांडलो नव्हतो. शेवटी मी तुम्हाला भंडाऱ्याच्या कासारांकडे नेलं आणि अस्सल पितळ हातात दिलं. भंडाऱ्यात राहून ज्याला पितळ ओळखता येत नाही त्याने गाव सोडावं, असा माझा ठेका. तुम्ही वजन केलंत, ओतारी तिथेच उभा होता, त्याच्यासमोर म्हणालात, "घ्या. साळा जितला."

भाऊजी, मी जिंकायला नको होतं. त्या दिवशी तुम्ही अडून बसला असतात तर?

मुद्दाम ओतवून घेतली ती तोटी. लांब चोच, वर लाकडी मूठ. आत पाच भोकांची चकती, भोकं दाभणाच्या टोकाएवढी. स्टीलच्या टाकीला झाकण बसवून त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह घातला आणि तुम्ही सायकलच्या पंपाने हवा भरायला लागलात. टाकी फुटेल म्हणून मी दाराबाहेर जाऊन कानांत बोटं घातली. ताईने मला ओढून आत आणलं. मूठ फिरवलीत. आधी फुस्स, मग फेसच फेस, मग काळं. पेल्यात ते वर-खाली झगडायला लागलं. तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत. हळूहळू काळं बसलं, वर दोन बोटं पांढरं राहिलं. आणि तुम्ही त्या तोटीला कडक सलाम ठोकलात. तुमचे डोळे भरले होते. मी पाहिलं, पण तुम्हाला चिडवलं नाही.

त्या दिवशी तुम्ही मेसचा कायदा सांगितलात. पहिला गिलास ओतणाऱ्याचा. नळात काय उभं राहिलेलं असतं देव जाणे, ते साहेबाच्या पोटात जायला नको, म्हणून वेटरने आधी आपण प्यायचं. "चोरी नाही बे, ड्यूटी हाय." तेव्हापासून पहिला गिलास तुमचा. रोज. दिवसभर तोटीत जे साचून राहिलेलं असायचं ते तुम्ही प्यायचात; मग ताईचा छोटा पेला, आणि रविवारी मी असलो की माझा. ताई पिते हे गावात कळलं असतं तर गहजब झाला असता. पण तुम्ही तिचा पेला असा भरायचात की जणू ती मेसमधली मोठी पाहुणी आहे. ह्या घरात मी तिला जितकं हसताना पाहिलं तितकं आमच्या आईच्या घरीही पाहिलं नव्हतं. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. बहिणीच्या नवऱ्याचे असले आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही. आता मानतो.

महिना गेला आणि बिअर कळकली. तोंडात तो तांब्या-पितळेचा उग्र वास, जिभेवर चुरचुर. तुम्ही जवाला दोष दिलात, चिराइताला दिलात. ताईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "आंबट चीज पितळात ठेवतेत का कोणी? ताक ठेवून पाहा बरं, हिरवं होते. कल्हई करून घ्या ना आतून." आपण दोघं पुरुष एकमेकांकडे बघत राहिलो. ह्या मुलखातल्या शेंबड्या पोराला कळतं ते आपल्याला सुचलं नव्हतं.

ताईने बरोबरच सांगितलं होतं. हे मी आज पुन्हा लिहून ठेवतो.

बाजाराच्या दिवशी चिंचेखाली एक फिरता कल्हईवाला बसायचा. तुम्ही तोटी सोडून घेऊन गेलात, मी मागून. भाता चालू, नवसागराचा पांढरा धूर, माणसं भोवती उभी. तोटीच्या आत बोळा फिरवता येईना, म्हणून त्याने कल्हई वितळवून आत ओतली, तोटी हलवली आणि उपडी केली. आतून जाड थर बसला. त्याने ती पाण्यात बुडवून माझ्या हातात दिली. मी सवयीने चोचीत बोट घातलं, फिरवलं, बाहेर काढलं. बोट काळं झालं होतं.

कथलाने बोट काळं होत नाही, भाऊजी. कथील चांदीसारखं चमकतं. हा थर मातकट होता. आमच्या दुकानात बिडाच्या पाइपांचे सांधे भरायला शिशाच्या लाद्या येतात. त्या उचलल्या की हात असेच होतात. शिसं कागदावर ओढलं तर पेन्सिलीसारखं उमटतं. मी बाजूला पडलेल्या कागदाच्या तुकड्यावर बोट ओढलं. रेघ उमटली. कल्हईवाल्याने महागाच्या कथलात स्वस्त शिसं मिसळलं होतं, आणि हे मला तिथल्या तिथे, उभ्या उभ्या कळलं.

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारून जमलेल्या लोकांना म्हणालात, "हा माह्या साळा. सावलीले भेते. आता पाहा, कल्हईतही याले भूत दिसन." सगळे हसले. कल्हईवालाही हसला. मीही हसलो. बोट पायजम्याला पुसलं आणि म्हणालो, "चांगली बसली हाय कल्हई."

आयुष्यभर मी कशाकशाला भ्यालो आणि प्रत्येक वेळी बोललो. विहिरीच्या काठाला भ्यालो, बोललो. विजेच्या बटणाला भ्यालो, बोललो. तुम्ही प्रत्येक वेळी हसलात आणि प्रत्येक वेळी तुमचंच बरोबर निघालं. ज्या एका वेळी माझं बरोबर होतं, त्या वेळी मी तुमच्या हसण्याला भ्यालो.

तरी मी स्वतःची समजूत घातली. एवढ्याशा तोटीने काय होतंय? गावातली अर्धी भांडी ह्याच माणसाकडून कल्हई होऊन जातात, लोक जेवतातच ना. पण त्या भांड्यांत भात-वरण तासभर असतं. तोटीत आंबट बिअर रात्रंदिवस उभी. आतली कल्हई उडायची, दर तीन महिन्यांनी पुन्हा कळकट वास यायला लागायचा आणि तुम्ही पुन्हा त्याच चिंचेखाली तोटी घेऊन जायचात. कल्हई उडाली असं आपण म्हणतो. उडून ती जाते कुठे, हे मी चार वर्षं स्वतःला विचारू दिलं नाही.

तुमचं पोट दुखायला लागलं ते दुसऱ्या वर्षी. मुरडा असा की तुमच्यासारखा माणूस अंथरुणावर गुडघे छातीशी घेऊन पडायचा. गॅसेस म्हणालात, वात म्हणालात, ओवा खाल्लात. मग पंप मारायचा उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. पेला हातातून सुटला तेव्हा तुम्ही म्हणालात, "म्हातारा झालो बे, फौजी असलो तरी काय झालं." हसताना हिरड्यांच्या कडेला निळी-काळी रेघ दिसायची. मला ती दिसायची. मी तुमच्या तोंडाकडे बघायचं टाळायला लागलो. तुम्हाला वाटलं मला तुमच्या आजारपणाची भीती वाटते. वाटतच होती.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तुमचा ओठ वर करून बघितलं, मनगट बघितलं, रक्त तपासलं आणि खुर्ची ओढून बसले. "रंगाचं काम केलंत कधी? बॅटरीच्या कारखान्यात? छापखान्यात? तुमच्या रक्तात शिसं आहे." तुम्ही म्हणालात, "शिशाच्या गोळ्या चालत होत्या साहेब, पण मले एकही लागली नाही." डॉक्टर हसले. मग तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत.

सहज पाहिलंत की समजून पाहिलंत, भाऊजी? नऊ दिवस मी ती नजर पुन्हा पुन्हा आठवतो आहे. त्या खोलीत एकच माणूस उत्तर देऊ शकत होता आणि तो फरशीच्या चौकोनांकडे बघत होता. बाहेर आल्यावर डॉक्टर मला एकट्याला म्हणाले, मूत्रपिंडं गेली आहेत, आता फार काही हातात नाही. लवकर कळलं असतं तर ह्यावर इंजेक्शनं असतात. आता सांगून तरी काय उपयोग, असं मनाशी म्हटलं. भेकड माणसाला हे वाक्य फार उपयोगी पडतं. चार दिवसांनी तुम्ही गेलात.

मी मॅट्रिकला नापास झालो तेव्हा तुम्ही पेढे घेऊन आमच्या घरी आला होतात. बाबा छडी शोधत होते. तुम्ही म्हणालात, "भेला नाही ना, परीक्षेले तं बसला!" आणि पहिला पेढा मला भरवलात. चुलबंद नदीच्या रपट्यावरून पाणी वाहत असताना माझा हात धरून तुम्ही मला पलीकडे नेलंत, आणि पलीकडे गेल्यावरही बराच वेळ सोडला नाहीत. चिडवायचात, पण सोडायचा नाहीत. तुमच्या चिडवण्याचा राग मी केला असं वाटू देऊ नका. त्या बाजारातल्या हसण्यावर मी सगळं ढकलतो आहे असंही नाही. तुम्ही हसलात ती तुमची सवय होती. गप्प बसलो तो मी.

आणि आता ताई. तिला सांगितलं तर ती दोन गोष्टी ऐकेल. एक, कल्हई तिनेच सुचवली होती. दुसरी, तिच्या भावाला ठाऊक होतं. पहिलीने ती स्वतःला खाईल, दुसरीने मला टाकेल. न सांगावं तर संध्याकाळ होतच राहते. आत्ताही उन्हं परसातल्या भिंतीवर चढली आहेत. थोड्या वेळाने ती दिव्यात तेल घालेल.

इथवर लिहून वही मिटली होती. आज तीन दिवसांनी पुन्हा उघडतो आहे.

त्याच संध्याकाळी सांगितलं, भाऊजी. ताई ओसरीत तांदूळ निवडत होती. मी वही बाजूला ठेवली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"ताई, टाकीतलं पिऊ नको आता."

"काहून?"

मग मी सांगत गेलो. तोटी, कल्हई, शिसं, डॉक्टर. मध्ये कुठे थांबलो नाही. ती सुपातल्या तांदळावरून बोट फिरवत राहिली.

"कल्हई कराले तं मीच सांगतली होती," ती म्हणाली.

"तुनं कल्हई सांगतली होती, ताई. शिसं नाही सांगतलं. शिसं मले दिसलं होतं."

"कवा?"

"पयल्याच दिवशी. बाजारात."

"अन् दवाखान्यात डॉक्टरनं इचारलं तवा? तू होता ना तिथं?"

"होतो."

तिने एक खडा काढला, बाजूला टाकला. आणखी एक काढला. मला वाटलं, आता सूप अंगावर येईल. आलं असतं तर बरं झालं असतं. तिने सूप खाली ठेवलं आणि तुमच्या दिव्याकडे बघत विचारलं, "नागपूरची पयली गाडी किती वाजता हाय?"

त्या संध्याकाळी ती मागच्या खोलीत गेली नाही. मी पाना घेऊन तोटी सोडली. उरलेली बिअर परसाच्या टोकाला, बोडीपासून लांब खड्डा करून ओतली. तोटी डॉक्टरांना दाखवायला फडक्यात गुंडाळली. तेरवीच्या आधी घरची बाई उंबरा ओलांडत नाही. सकाळी ताईने पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्या आळीदेखत ओलांडला. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "अवं, कोठी चालली अशी? लोक काय म्हणतीन?" ताई थांबलीसुद्धा नाही. गाडीत खिडकीशी बसली, पिशवी माझ्या आणि तिच्या मध्ये ठेवली. नागपूर येईपर्यंत बाहेरच बघत राहिली.

तेच डॉक्टर. मी तोटी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, आधी का सांगितलं नाही तेही. त्यांनी चोचीत बोट घालून पाहिलं, बोटाकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते म्हणाले, "बरं केलंत आणलीत." ताईच्या हिरड्या पाहिल्या, हात उलटसुलट करून पाहिले. रेघ नव्हती. रक्त घेतल्याशिवाय काही सांगता येणार नाही म्हणाले. असलं तरी पहिला गिलास तिचा नव्हता, त्यामुळे कमी असण्याची आशा आहे, असंही म्हणाले. ताईने मान खाली घातली. पहिला गिलास कुणाचा होता ते तिला आणि मला माहीत होतं.

नर्सने ताईच्या दंडाला रबराची नळी बांधली. डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, "आणखी कोण कोण पीत होतं यातलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "भाऊजी अन् ताई. बस."

ताईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळपासून पहिल्यांदा.

"अन् हा, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "चार वर्स. दर रविवारी दोन गिलास."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. भाऊजी, कंडक्टरला भिणारा मी, विजेच्या बटणाला भिणारा मी, दहा दिवस त्या तोटीच्या भीतीने वाळून गेलो आणि तिच्यातलं तेच माझ्याही पोटात चार वर्षं जात होतं हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"पाहून काय राहिला येड्यासारखा? तूही तं प्याला ना," ताई म्हणाली. "बाही वर कर."

मी बाही वर केली. नर्सने सुई पुढे आणली तसा मी हात मागे ओढला. ताईच्या स्वतःच्या कोपरात कापूस दाबलेला होता. तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट पकडलं आणि सुई निघेपर्यंत सोडलं नाही.